शाळेच्या खोल्यांना पाच वाजता कुलूप कशाला?

मी रविवारी मिरजेला वीणेची जवारी काढायला, म्हणजे तिचा गुंजणारा आवाज परत आणायला, शिकते असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, सर्टिफिकेट मिळतं का. आत्यानं हाच विचारला, एसटीत रोज शेजारी बसणाऱ्या ताईनं हाच विचारला, कॉलेजातल्या एका सरांनी पण हाच विचारला, फक्त ते सर्टिफिकेटच्या ऐवजी क्रेडिट म्हणाले. नाही म्हणलं की दुसरा प्रश्न येतो, मग उपयोग काय. यातलं कुणी वाईट नाही, सगळे माझ्या काळजीनंच विचारतात, पण गेलं वर्षभर हे ऐकून ऐकून माझं एक मत पक्कं झालंय आणि ते मला नीट मांडायचंय. आपण शिकायच्या प्रत्येक गोष्टीला फी, परीक्षा आणि कागद जोडून टाकला, आणि ज्याला यातलं काहीच नकोय, नुसतं शिकायचंय, त्याला बसायला गावात जागाच ठेवली नाही. जागा म्हणजे खरोखरची जागा म्हणतेय मी, चार भिंती, एक ट्यूब, एक पंखा, बसायला सतरंजी. शाळा आहेत, कॉलेजं आहेत, पाच वाजले की सगळ्यांना कुलूप.

आधी वीणेचं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. आमचं गाव तासगाव तालुक्यात, द्राक्षाचं. मी सांगलीला टी.वाय. बीएस्सीला आहे, विषय फिजिक्स, रोज एसटीनं ये-जा. गावात मारुतीच्या देवळात भजनी मंडळ आहे, आजोबा तिथं पखवाज वाजवायचे. मंडळाची वीणा जुनी. गेल्या वर्षी एकादशीच्या भजनात तार तुटली, नवीन बसवली, पण आवाज कोरडाच यायला लागला, नुसता टण् करून थांबायचा. आजोबा म्हणाले, "वीणा मुकी झालीया, मिरजंला न्यायला पाहिजे." न्यायला कुणाला वेळ नव्हता, छाटणीचे दिवस. मी म्हणलं मी नेते. सोलापुरी चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन एसटीत बसले आणि गेले.

मिरजेची सतारमेकर गल्ली आपल्याकडं सगळ्यांनी ऐकलेली असते, आत जाऊन बघितलेली फार कमी जणांनी. हे काम करणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी. शस्त्रांचा जमाना संपत आला तेव्हा, १८५० च्या सुमाराला, फरीदसाहेबांनी तंबोरा-सतार दुरुस्त करता करता बनवायलाच घेतली आणि तिथनं पुढं पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात, ते कापून, वाळवून, त्याला तबली आणि दांडी जोडून वाद्य उभं राहतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन, म्हणजे ही वस्तू या गावचीच असा सरकारी शिक्का, मिळालं, तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसला फोटो होते. पण ज्या गोष्टीचा आपल्याला एवढा अभिमान, ती आपल्या पोरांनी कधी हातात धरून बघायची सोयच नाही, हे मला त्या दुकानात उभी राहिल्यावर पहिल्यांदा जाणवलं.

दुकानातल्या चाचांनी वीणा उघडली, घोडीवरनं बोट फिरवलं आणि म्हणाले, जवारी गेली. मग त्यांनी जे दाखवलं ते मी अजून विसरले नाही. तार ज्या घोडीवर टेकते ती वरून सपाट दिसते पण सपाट नसते. तिला किंचित उतार असतो, इतका कमी की डोळ्याला दिसत नाही, बोटाला पण नीट लागत नाही, कानालाच कळतो. तार थरथरताना त्या उताराला हलकी घासत जाते आणि त्यातनं तो भरलेला, गुंजत राहणारा आवाज निघतो. वाजवून वाजवून तार घोडीत खाच पाडते, उतार मोडतो, आवाज मरतो. मग कानशीनं घासून उतार परत आणायचा. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, परत घासायचं. थोडं जास्त घासलं तर घोडी वाया. तंबोऱ्याला तर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, तो केसभर पुढं-मागं झाला की आवाज बसला.

मी विचारलं, "चाचा, मला शिकवाल का हे?"

"कशाला? दुकान टाकणारैस?"

"नाही, गावची वीणा परत बिघडली तर मला करता यावी."

त्यांनी जरा वेळ बघितलं माझ्याकडं. "मग ये. पण पहिले दोन रविवार हात नाही लावायचा. बसून ऐकायचं."

एवढ्यावर माझी ॲडमिशन झाली. फी विचारली तर म्हणाले, चहा घेऊन ये येताना. आणि एक गोष्ट मी मुद्दाम लिहिते कारण तिच्याशिवाय हे जमलंच नसतं. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट झालं. माझा पास गाव ते सांगली एवढाच, रविवारचं मिरजेचं तिकीट मला खिशातनं काढावं लागतं. पूर्ण तिकीट असतं तर मी महिन्यातनं एकदा गेले असते, आता दर रविवारी जाते. सरकारनं कुठं "विद्यार्थ्यांच्या छंदासाठी योजना" असं म्हणून हे केलं नव्हतं, पण माझ्या शिकण्याला आजवर खरी मदत कुठली झाली असेल तर ती ही. म्हणून मी म्हणते की पोरांना भाषण आणि मोटिवेशन देत बसू नका, येण्याजाण्याची आणि बसायची सोय करा, बाकीचं पोरं बघतात.

आता फिजिक्सचं. आम्हाला तारेच्या कंपनांचं सगळं युनिट आहे, स्टँडिंग वेव्ह, नोड, हार्मोनिक्स, मी ते पाठ करून मार्क पण चांगले घेतले. त्यात एक नियम आहे की तार जिथं छेडली तिथं ज्या हार्मोनिकचा, म्हणजे मूळ सुराबरोबर निघणाऱ्या वरच्या सुराचा, नोड, म्हणजे न हलणारा बिंदू, येतो, तो हार्मोनिक आवाजात सापडत नाही. मिरजेहून आल्यावर मी जवारीबद्दल शोधत बसले तेव्हा कळलं की सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावरच लिहून ठेवलंय, की आपल्या वीणेत आणि तंबोऱ्यात हा नियम चालत नाही, जो सूर यायला नको तो पण ठणठणीत ऐकू येतो, आणि हे सगळं त्या घोडीच्या आकारामुळं. ते नोबेल मिळायच्या नऊ वर्षं आधीचं. ज्या गोष्टीवर रामन यांनी डोकं लावलं ती मिरजेत गल्लीत बसून लोकं कानशीनं करतात आणि मी तिथनं दहा-बारा किलोमीटरवर तोच विषय गाईडमधनं पाठ करत होते. आमच्या वर्गातल्या एकानं पण घोडी बघितलेली नव्हती.

घरच्यांना मी हेच सांगून पटवलं, की फिजिक्सला उपयोग होतोय. पण मनापासून सांगायचं तर मी त्यासाठी जात नाही. चौथ्या रविवारी मी घासलेल्या घोडीवर चाचांनी तार चढवली आणि ती अर्धी-मुर्धी का होईना पण गुंजली, तेव्हा जे वाटलं ते मला कुठल्याच निकालाच्या दिवशी वाटलेलं नाही. उपयोग झाला नसता तरी मी गेलेच असते, आणि आवडतंय म्हणून जाते एवढं सांगून जाता यायला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

आपल्या सांगलीला तर हे पटायला काहीच अवघड जाऊ नये. दरवर्षी ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन करतो, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं सीता स्वयंवराचा खेळ केला म्हणून. पण त्या आधी भाव्यांना नाद कसला होता तर बाहुल्यांचा, लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या बनवायचा. सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांनी कर्नाटकातनं आलेल्या भागवत मंडळींचा खेळ बघितला आणि असं काहीतरी आपल्या भाषेत कर म्हणून भाव्यांना सांगितलं. म्हणजे बाहुल्या करणाऱ्या एका पोरावर राजानं विश्वास टाकला, जागा दिली, खर्च दिला. आज असा पोरगा कुणाच्या घरात असेल तर त्याला पहिल्यांदा काय विचारतील ते वर लिहिलंच आहे.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही आणि मला ती टाळायची पण नाही. परीक्षांनी नुकसानच केलं असं कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. आणि याचा धागा पण मिरजेतच येतो. विष्णु दिगंबर पलुसकर लहानपणी फटाक्याच्या दारूनं डोळे गेल्यासारखे झाले म्हणून मिरजेत आले आणि इथं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकले. त्यांनीच पुढं १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं तोवर घराण्याच्या आत, गुरूच्या घरात राहून शिकायची गोष्ट होती, ती त्यांनी वर्गात आणली, वेळापत्रकात आणली, म्हणून साध्या घरातल्या पोरापोरींना गाणं शिकता आलं. हे मोठं काम आहे.

आणि मी स्वतः मुलगी आहे, मला माहितीय की "परीक्षा आहे" हे वाक्य मुलीला घराबाहेर पडायला किती उपयोगी पडतं. माझी मैत्रीण कथ्थक शिकते, तिच्या घरी नाचाला विरोधच होता, पण प्रवेशिकेचा फॉर्म भरलाय म्हणल्यावर वडील स्वतः सोडायला यायला लागले. परीक्षा म्हणजे काहीतरी अधिकृत, कुणीतरी मोठ्या माणसानं शिक्का मारलेलं, म्हणून पोरीला जाऊ देतात. नुसतं आवडतंय म्हणून जाते म्हणणाऱ्या पोरीला जाऊ देत नाहीत. मला मिरजेला सोडतात ते आजोबांमुळं, वीणा देवळाची आहे म्हणून, नाहीतर रविवारी एकटी मिरजेला जाते म्हणल्यावर घरात काय झालं असतं मला चांगलं ठाऊक आहे. त्यामुळं परीक्षा बंद करा असं मी म्हणतच नाही. तिच्या शेजारी दुसरं दार पाहिजे, एवढंच.

कारण फक्त परीक्षेचंच दार ठेवलं की काय होतं ते माझ्या भावाचं बघा. तो सहावीपासून तबल्याला जातो, महिन्याला आठशे रुपये. तीन परीक्षा झाल्या, तिन्ही कागद लॅमिनेट करून भिंतीला आहेत. त्याला तबल्यातला कायदा येतो, त्याचे पलटे येतात, हातावर टाळी देऊन बोल म्हणून दाखवतो, पण देवळात आजोबांनी "अभंगाला ठेका धर" म्हणलं की त्याचा हात थांबतो, कारण गाणारा कुठं ओढतो, कुठं थांबतो, ते ऐकून वाजवायची सवयच झालेली नाही. ते सिलॅबसमध्ये नव्हतं. चूक भावाची नाही, सरांची पण नाही, सरांना पालक विचारतात की यंदा कितवी परीक्षा, मग ते तेवढंच शिकवतात. चित्रकलेचं पण तसंच, एलिमेंटरी-इंटरमिजिएटमुळं दहावीला वाढीव मार्क मिळतात तोवर आठवी-नववीत चित्रांचे क्लास भरभरून वाहतात, दहावी झाली की ब्रश माळ्यावर. आमच्या वर्गात इंटरमिजिएटला ए ग्रेड घेतलेल्या चौघी होत्या, एक पण आता चित्र काढत नाही.

आणि खेळात स्मृती मानधना. माधवनगरची पोरगी, भावाचा खेळ बघत बघत बॅट धरली आणि २०२५ ला वर्ल्ड कप जिंकलेल्या टीमची व्हाइस कॅप्टन. त्या रात्री आमच्या गावात पण फटाके वाजले, मी स्वतः रडले. पण त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ओळखीतल्या एका पालकांनी पोरीला क्रिकेटला घातलं आणि तीन महिन्यांत विचारायला लागले की सिलेक्शन कधी होणार. ती नऊ वर्षांची आहे. तिला अजून बॉल झेलायला मजा येतेय, तेवढं तरी पुरं होऊ द्या.

मोबाईलचा विषय येणारच, तर सांगते. मी मोबाईलला शिव्या देणाऱ्यातली नाही. गावात क्लास नाहीत, लायब्ररी नाही, आमच्यासारख्यांना यूट्यूबच गुरू आहे. मी त्यावरनं मोडी लिपी शिकायला घेतली, अक्षरं आली, बाराखडी आली, खूश होते. मग घरातला एक जुना कागद काढला वाचायला, तर एक ओळ लागेना. कागदावरची मोडी हात न उचलता पळवत लिहिलेली, व्हिडिओतली अक्षरं सुटी, टापटीप. तिथं मी अडकले ते अजून अडकलेलीच आहे. व्हिडिओ बरोबर काय ते दाखवतो, माझं चुकतंय काय ते त्याला दिसत नाही. चाचांनी तिसऱ्या रविवारी माझ्या मनगटाला बोट लावून सांगितलं की डाव्या बाजूला दाब जास्त पडतोय. एवढ्या एका बोटासाठी मला दोन एसटी बदलून जावं लागतं, कारण ते बोट डाउनलोड होत नाही.

रील्सवर आणि एक फॅड आहे, एकवीस दिवसांत सवय लावा. कॉलेजच्या होस्टेलवर राहणाऱ्या माझ्या मैत्रिणी दर महिन्याला असं काहीतरी चालू करतात, सहाव्या दिवशी एक दिवस चुकतं आणि मग "आपल्यानं होत नाही" म्हणून सगळं बंद. हा एकवीसचा आकडा मुळात १९६० साली एका प्लास्टिक सर्जननं आपल्या पेशंटांबद्दल लिहिलेल्या गोष्टीतनं आलाय, शिकण्याशी त्याचा संबंध नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर अभ्यास झाला, २०१० साली छापून आला, त्यात सवय लागायला सरासरी ६६ दिवस निघाले, पण कुणाला १८ लागले तर कुणाला हिशोबानं २५४, आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही असं पण दिसलं. हे मी मैत्रिणींना सांगितलं तेव्हा एकीनं खरंच क्रोशाची सुई परत काढली.

सोडून देण्याचं पण असंच. अमुक धरलं आणि सोडलं म्हणलं की आपल्याकडं धरसोड म्हणतात, तो पोरगा वाया गेला इथंपर्यंत जातं. मला वाटतं शिकणाऱ्याला सोडायचा हक्क असला पाहिजे, आणि सोडलेलं वाया जात नाही याला आपल्याच जिल्ह्यात पुरावा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूलला चित्रकला शिकायला गेले होते, पण त्यांना रंग नीट ओळखता येत नव्हते म्हणून पेंटिंग सोडावं लागलं. राहिलं काय तर रेषेचं काम, मेकॅनिकल ड्रॉइंग, त्यावर ते व्हीजेटीआयला शिकवायला लागले, मग ती नोकरी पण सोडली, बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, आणि १९१० ला पलूसकडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. रेल्वेनं पुण्याला जाताना ते स्टेशन आलं की मला दर वेळेला ते अर्ध्यात सुटलेलं पेंटिंग आठवतं. आज कुणी फाइन आर्ट सोडून सायकल दुरुस्तीचं दुकान टाकतो म्हणालं तर आपण लग्नकार्यात त्याच्याबद्दल हळू आवाजात बोलतो.

मग मागणी काय माझी. मला नवीन काही नकोय, आपल्याकडं होतं तेच पाहिजे, पण सगळ्यांसाठी. तालीम आठवा. आमच्या गावात तालीम आहे, सांगलीत, कवठेपिरानला, जिकडं बघाल तिकडं आहेत. कवठेपिरानचे मारुती माने १९६४ चे हिंदकेसरी, पण त्यांच्यासारखं व्हायचं म्हणूनच पोरं तालमीत जायची असं नाही. शंभरातला एखादा मैदान मारायचा, बाकीचे सकाळी माती अंगाला लावून, जोर-बैठका मारून, शेतावर नाहीतर शाळेला जायचे. प्रवेशाचा फॉर्म नाही, परीक्षा नाही, ज्याला येतंय तो ज्याला येत नाही त्याला दाखवतो, आणि खोली गावाची. भजनी मंडळ पण हेच आहे, आजोबा पखवाज कुठल्या क्लासला शिकले नाहीत, मागं बसून टाळ वाजवत वाजवत शिकले. सांगलीचं नूतन बुद्धिबळ मंडळ बघा, भाऊसाहेब पडसलगीकरांनी वर्षानुवर्षं पोरं पटावर बसवली, त्यातनं भाग्यश्री साठे यांच्यासारखी नावं निघाली. नावं निघाली ती एक-दोन, पण चार चाली शिकून घरी गेलेली शेकडो असतील, आणि ती आयुष्यभर पेपरातलं कोडं सोडवत असतील. ते पण फळच आहे.

तालमीत खोट पण होती, ती झाकून चालणार नाही. तिथं बायकांना जागा नव्हती, आणि प्रत्येक जातीच्या पोराला सगळीकडं सारखा मान होता असं पण नाही. म्हणून मला जी जागा पाहिजे ती सरकारी पाहिजे, शाळेची पाहिजे, जिच्या दारात कुणी कुणाला अडवू शकत नाही.

आणि हे कागदावर आधीच आहे हे बघून तर मला जास्त वाईट वाटलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा माणसांकडं शिकायला पाठवायचं. माझ्या चुलत बहिणीच्या शाळेत हे झालं, ते असं की एक दिवस सगळ्या वर्गांना हॉलमध्ये बसवून कुंभाराचा व्हिडिओ दाखवला आणि फोटो काढून वर पाठवले. शाळेपासून चालत पाच मिनिटांवर कुंभारवाडा आहे. त्याच धोरणात आणखी एक वाक्य आहे, की शाळेच्या इमारती शिकवायच्या वेळेबाहेर गावाच्या सामाजिक, बौद्धिक कामांना वापरता येतील. म्हणजे कुलूप उघडायला परवानगी आहे, उघडायचं कुणी हा प्रश्न आहे.

मी दोन-तीन मुख्याध्यापकांशी बोलले. त्यांच्या अडचणी खोट्या नाहीत. एक म्हणाले बेंच मोडला तर भरायचा कुणी, शिपाई एकच आहे तो सातपर्यंत कसा थांबणार. एक म्हणाल्या की पोरींना काही झालं तर पहिलं माझं नाव येईल. या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं, मी घरी येऊन विचार केला. मला वाटतं उत्तर वेळेत आणि माणसात आहे. पाच ते सात, त्याच्या पुढं नाही, म्हणजे शेवटची एसटी मिळते. खोली रस्त्याकडची, दार उघडं. आणि रोज एक मोठं माणूस हजर, आठवड्यातले निदान तीन दिवस बाई. अशी माणसं गावात भरपूर आहेत, रिटायर झालेल्या शिक्षिका, एमआयडीसीतनं रिटायर झालेले फिटर, शिवणकाम करणाऱ्या मावशी, पोस्टातले काका ज्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे. त्यांना कुणी विचारतच नाही. शिपायाच्या जादा दोन तासांचे पैसे आणि कारागिराला मानधन ग्रामपंचायतीनं नाहीतर महापालिकेनं द्यावं. कारागिराला फुकट बोलवू नये, यावर मी अडून आहे. चाचांनी माझ्याकडनं घेतले नाहीत हा त्यांचा मोठेपणा झाला, पण त्यांच्या रविवारच्या दोन तासांत त्यांचं काम मागं पडतं हे मी डोळ्यानं बघते, आणि त्यांच्या घरातल्या पोरांनी हे काम पुढं करायचं की नाही याचा हिशोब पण शेवटी तिथंच येतो.

जागा गेली की काय जातं ते सांगलीनं बघितलेलं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी सांगली नगर वाचनालयात शिरलं, हजारो पुस्तकं भिजून लगदा झाली. मी तेव्हा शाळेत होते, वडिलांबरोबर पाणी उतरल्यावर सांगलीत आले होते, सगळीकडं चिखलाचा वास. पुस्तकं गेली त्याची हळहळ सगळ्यांना वाटली, आणि लोकांनी पुस्तकं दिली पण. पण माझ्या आतेबहिणीला वेगळंच काहीतरी लागलं होतं, ती रडवेली होऊन म्हणाली, आता दुपारी बसायचं कुठं. तिच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसं. ती वाचायला म्हणून जायची, पण खरं तर तिथं बसून वहीत कविता लिहायची.

या महिन्यात मी आमच्या गावच्या शाळेकडं अर्ज दिलाय. एक खोली, सोमवार आणि गुरुवार, पाच ते सात. पहिल्या दोन महिन्यांचं ठरलंय पण, आजोबा पखवाजाला शाई, म्हणजे कातड्यावरचा काळा लेप, कशी भरतात ते दाखवणार, शेजारच्या काकू गोधडी, आणि मोडी वाचता येणारे एक रिटायर तलाठी आहेत सावळजला, ते महिन्यातनं एकदा यायला तयार आहेत, येण्याजाण्याचं तिकीट आम्ही काढायचं. चौदा पोरांनी नावं दिलीत, त्यातल्या नऊ मुली. अर्जावर शिक्का मारून पोच घेतलीय, मुख्याध्यापक म्हणालेत शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवतो. बैठक शुक्रवारी आहे. वीणा तोवर माझ्याकडंच आहे, एका तारेचा आवाज अजून मनासारखा आलेला नाही.